इंजिन वळवणारा दांडा

हा चकचकीत दांडा आत-बाहेर सरकतोय, तो बघा. एका टोकाला रॉकेटचं अंग, दुसऱ्या टोकाला इंजिन. दांडा सरकला की इंजिन झुकतं, ज्वाळेची दिशा बदलते आणि अख्खं रॉकेट वळतं. हा अ‍ॅक्चुएटर.

तो निवडायचा कसा? इंजिन 4 अंश झुकवायचंय आणि दांडा सांध्यापासून अर्ध्या मीटरवर जोडलाय, तर त्याला दोन्ही बाजूंना साधारण 35 मिलिमीटर सरकता आलं पाहिजे. इथवर सोपं. जोर किती लागेल, हा खरा डोकेफोडीचा भाग. इंजिन पेटलं की इंधनाच्या नळ्यांत दाब चढतो, त्यांचे लवचीक बेलोज (घडीदार जोड) ताठरतात, सांधा जड होतो. हे सगळं रेटून दांड्याला क्षणात जागेवर पोचायचं असतं. आता ही पिन जवळून बघा. इथं केसाएवढा प्ले, म्हणजे ढिलेपणा, राहिला, तरी इंजिन उगाच थरथरू लागतं.

तेलावरचा अ‍ॅक्चुएटर आकाराच्या मानानं प्रचंड ताकदवान. पण त्याच्या सर्व्हो व्हॉल्व्हमधल्या, म्हणजे तेल नेमकं सोडणाऱ्या झडपेतल्या, फटी इतक्या बारीक, की तेलातला एखादा कणही तो अडकवू शकतो. मोटर आणि बॉल स्क्रूवाल्यात (मोटरचं फिरणं सरळ सरकण्यात बदलणारा, गोळ्यांवर चालणारा स्क्रू) दाबाचं तेल नाही, गळती नाही; मात्र भार पेलून धरताना मोटर तापते, बॅटरीही मोठी लागते. चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न-5 रॉकेटच्या एफ-1 इंजिनांत तर वेगळं तेलच नव्हतं. इंजिनाच्या पंपातून येणारं केरोसिनच अ‍ॅक्चुएटर चालवायचं. इतकी देखणी युक्ती क्वचितच दिसते.

पण नुसता दांडा निवडून भागत नाही. त्याच्यापर्यंत आज्ञा नेणारी वायर, कनेक्टर, सगळं त्याच निवडीचा भाग धरायला हवं. हे बघा, श्रीहरिकोटा, 25 डिसेंबर 2010. इस्रोचं जीएसएलव्ही-एफ06 रॉकेट. सत्तेचाळीस सेकंद सगळं सुरळीत. मग अतिथंड इंधनावर चालणाऱ्या वरच्या क्रायोजेनिक टप्प्याच्या तळाशी असलेले 10 कनेक्टर निसटले. ते सुटायला हवे होते 292 व्या सेकंदाला. वरच्या संगणकाच्या आज्ञा बाजूच्या चार बूस्टर रॉकेटांपर्यंत पोचेनात. इंजिनं पेटलेली, पण वळायचं कुठं हे सांगणारं कुणी नाही. 54 व्या सेकंदाच्या सुमारास रॉकेट फुटलं. जीसॅट-5पी उपग्रह गेला.

5 जानेवारी 2014 ला जीएसएलव्ही-डी5 यशस्वी झालं. त्याआधी क्रायोजेनिक टप्प्याच्या तळाचं आवरण नव्यानं रचलं होतं, वायरींचा बोगदा जास्त भार सोसेल असा केला होता आणि आवरणाची हालचाल टिपायला कॅमेरा बसवला होता.