पोरांना शाळेला चालत जाऊ द्या

मंडळी, सगळ्यांना नमस्कार. इथल्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या पोरांनी फोन केला तेव्हा म्हणाले, बाई तुम्ही सीमाभागातल्या मराठी शाळांवर बोला, इथं बेळगाव, निपाणी, खानापूरकडची बरीच घरं आहेत. शाळेबद्दलच बोलते, पण शाळेच्या आतलं नाही, घरापासून शाळेच्या फाटकापर्यंतचं. कारण लेकाकडं आल्यापासून रोज बघतेय आणि खरं सांगते, बघवत नाही.

दुपारी नातीला आणायला जायचं म्हणजे गाडीत बसून रांगेला लागायचं. शाळा सुटायच्या कितीतरी आधीपासून गाड्या उभ्या, दोन रांगा, वळसा घालून पार मेन रोडपर्यंत, प्रत्येकीच्या काचेत आडनाव लिहिलेला पुठ्ठा, एक मॅडम वॉकीटॉकीवर नाव सांगणार, मग आतून पोर येणार, दार उघडा, बसवा, चला पुढं. इंजिनं चालूच. आणि त्या रांगेतल्या किती गाड्या आमच्याच कॉलनीतल्या असतात, जिथनं शाळा मैलभरसुद्धा नाही. मैल म्हणजे दीड किलोमीटरच्या थोडं वर. आमच्याकडं एवढ्याला कोण लांब म्हणत नाही.

मी खानापूर तालुक्यात बरीच वर्षं शिकवलं. जुलैत तिकडचा पाऊस कसा असतो ते जांबोटी-कणकुंबीकडचे कोण बसले असतील त्यांना सांगायला नको. वाडीवरची पोरं घोळक्यानं यायची, दप्तर खताच्या पिशवीत गुंडाळलेलं, आणि सगळ्यात पुढं सातवीतली एखादी मुलगी काठी घेऊन. ओढ्यावरच्या साकवाला आले की ती काठी आडवी धरायची, सगळे थांबायचे, मग बारक्यांना मोजून एकेकाला पलीकडं सोडायची आणि शेवटी स्वतः जायची. हे तिला कुठल्या मास्तरानं शिकवलेलं नव्हतं, तिच्या आधीच्या मोठ्या मुलीनं तिला तसंच नेलेलं. वर्गात आली की पहिला थोडा वेळ नुसत्या बातम्या, कुणाची म्हैस व्याली, गव्यांनी कुणाचं भात तुडवलं, कुठल्या झाडाला जांभळं लागलीत. पोरं अशी टक्क जागी असायची, फळ्यावर काय लिहिलं की लगेच बोट वर. ओढ्याला पाणी चढलं की आम्हा शिक्षकांच्या जिवाला घोर लागायचा, ते काही चांगलं नव्हतं, पण गावातल्या कुणी पोरांचं चालणं बंद करा म्हटलं नाही, पूल करा म्हणायचे आणि त्यासाठी ऑफिसांचे उंबरे झिजवायचे.

इथं काय झालं? 1969 साली अमेरिकेत आठवीपर्यंतची जवळजवळ निम्मी मुलं, 48 टक्के, चालत नाहीतर सायकलनं शाळेला जायची. 2009 ला 13 टक्के उरली. तुम्ही म्हणाल शाळा लांब गेल्या. गेल्या, खरंय. शाळेला जागा किती असावी याचे जे ठोकताळे होते त्यात प्राथमिक शाळेला 10 एकर आणि वर दर 100 मुलांमागं आणखी 1 एकर, एवढी जागा वस्तीत कुठनं मिळणार, मग गावाबाहेर स्वस्त जमीन बघून शाळा बांधत गेले. 2004 ला तो ठोकताळा काढून टाकला पण बांधलेल्या शाळा तिथंच आहेत. पण मला जास्त लागलेली गोष्ट वेगळीच, शाळेपासून मैलभराच्या आत राहणाऱ्या पोरांतली 1969 ला दहातली जवळपास नऊ चालत-सायकलनं जायची, 2009 ला 35 टक्के. म्हणजे जवळ असूनसुद्धा नाही.

का नाही ते मी स्वतः चालून बघितलं, सुनेनं नको नको म्हटलं तरी गेले. कॉलनीतनं बाहेर पडेपर्यंत फूटपाथ एकदम झकास. कोपऱ्यावर आला आणि संपला, पुढं नुसतं गवत, बाजूला सहा पदरी रस्ता, ताशी 45 मैल वेगमर्यादेची पाटी. 2011 साली इथल्याच ट्रिपल ए फाउंडेशननं, म्हणजे रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेनं, अभ्यास केला होता, पायी माणसाला ताशी 23 मैलाच्या वेगानं गाडी लागली तर मरायची शक्यता साधारण 10 टक्के, 42 मैलाला 50 टक्के. आता त्या 45 च्या पाटीशेजारी आठ वर्षांचं पोर उभं करा डोळ्यांसमोर. आणि सिग्नल लाल असला तरी उजवीकडं वळायला चालतं ना इथं, तर ड्रायव्हर बघतो डावीकडं, गाडी येतेय का म्हणून, आणि उजवीकडनं रस्त्यात उतरलेलं पोर त्याला दिसतच नाही. म्हणून आईबाप घाबरतात ते काही उगीच नाही. पण घाबरून आपणसुद्धा गाडी काढतो आणि शाळेसमोर आणखी एक गाडी वाढते, त्या गाड्यांना घाबरून शेजारीण तिची काढते.

आणि बेळगाव फार वेगळं राहिलंय असं समजू नका. शाळा सुटायच्या वेळी कॅम्पात जाऊन बघा. रिक्षात कोंबलेली पोरं, बाहेर लोंबणारी दप्तरं. 2016 ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत नाव आलं, काही रस्त्यांना चांगले फूटपाथ झाले, त्यावर लोकांनी दुचाक्या लावल्या. खेड्यांत तर आणखी वाईट वाटतं, गावातली मराठी शाळा पाच मिनिटांवर आणि सकाळी इंग्लिश मीडियमची व्हॅन येऊन पोरं उचलून शहरात नेते. पट कमी झाला की शाळेवर गंडांतर, मग जी पोरं व्हॅनचे पैसे देऊ शकत नाहीत त्यांना पुढच्या गावाला जावं लागतं. शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा 1 किलोमीटरच्या आत पाहिजे म्हणून आहे, पण शाळा टिकली तर ना.

तर माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. पहिली, एकेकट्यानं नाही, घोळक्यानं चालवा. इथं त्याला वॉकिंग स्कूल बस म्हणतात, ठरलेली वाट, ठरलेली वेळ, दारोदार पोरं गोळा करत जायचं, बरोबर एकदोन मोठी माणसं. आणि मोठी माणसं कुठनं आणायची? अहो, या हॉलमध्ये बघा की! सहा-सहा महिन्यांसाठी आलेले किती आजी-आजोबा बसलेत. मुलगा-सून ऑफिसला गेले की दिवसभर खिडकीतनं बघत बसायचं, बोलायला माणूस नाही. आपल्या नातवंडाबरोबर शेजारच्या चार घरांची पोरं घेऊन चाललात तर पोरांचं होईल, आपले गुडघेही चालते राहतील, आणि तेवढा वेळ पोरं मराठीत बोलतील. फक्त आधी शाळेला लेखी कळवा, आईबापांची परवानगी घ्या, काही शाळा त्याशिवाय पोर सोडत नाहीत. कोण पोलिसांना फोन करेल म्हणून भीती असते, तर इथल्या केंद्र सरकारच्या, म्हणजे फेडरल, 2015 च्या शिक्षण कायद्यात पालकांच्या परवानगीनं पोरं चालत येण्याला आडकाठी नाही असं लिहिलंय, युटा राज्यानं 2018 ला तसा वेगळा कायदाच केला, तरी राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत, आपलं बघून घ्या. आणि पोरांना एक पक्कं शिकवा, ड्रायव्हरची नजर आपल्यावर पडल्याशिवाय पाय रस्त्यात टाकायचा नाही.

दुसरी गोष्ट तुम्हा तरुणांसाठी. तो संपलेला फूटपाथ मागा. 2005 पासून शाळेच्या सुरक्षित वाटांसाठी फेडरल पैसा मिळायची सोय झाली, अजूनही तशा कामांना निधी मिळू शकतो, पण गावानं अर्ज करावा लागतो आणि गाव कधी करतं, कोणी मिटिंगला जाऊन मागितलं तर. गणपतीला हॉल मिळवायला तुम्ही सिटीत किती खेटे घालता ते बघितलंय मी, तसेच चार खेटे यासाठी घाला. जिथं फूटपाथ तुटतो तिथला फोटो घ्या, शाळा सुटताना क्रॉसिंग गार्ड, म्हणजे पोरांना रस्ता ओलांडून देणारा माणूस, मागा, स्कूल बोर्डाच्या मिटिंगला सगळे मिळून बसा.

आमच्या कॉलनीतल्या तीन घरांशी माझं बोलणं झालंय, सोमवारपासून सुरू करतोय, सिग्नलच्या चौकापर्यंत माझा लेक येणार आणि तिथं उभा राहून पोरांना पलीकडं सोडणार. चहाच्या टेबलावर वही ठेवलीय, त्यात आपापली शाळा आणि कॉलनी लिहा, एका शाळेची घरं मी जेवणाच्या आधी एकमेकांशी गाठ घालून देते.