हंसाच्या पोटातलं पाणी

(व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘तलावातलं नौकानयन : काल आणि आज’. तो घेणारच आहे. पण आधी टेबलावरचं हे नारिंगी लाइफ जॅकेट, दोन मिनिटांत संपवतो.

गेल्या वर्षभरात सहलीला जाऊन होडीत कोण बसलंय? बरेच हात. आता त्यातल्या किती जणांनी जॅकेटची सगळी बकलं लावली होती? तीन. तिसरा हात शेजारणीने धरून वर केलाय, म्हणजे दोन.

पाण्यात असताना माणसाला वरचा आधार फार लागत नाही. पाच-सहा किलोंचा मिळाला तरी बहुतेकांचं तोंड पाण्याबाहेर राहतं. जॅकेटच्या आतल्या पट्टीवर हा आधार न्यूटनमध्ये लिहिलेला असतो, आणि दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलो. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी असतं. शुद्ध हरपली तर ते तुम्हाला उताणं करेल याचा भरवसा नाही. न पोहणाऱ्याला १०० किंवा त्याहून जास्तीचं, मानेमागे कॉलर असलेलं हवं. तिकीट खिडकीवर हा आकडा विचारून बघा. जॅकेट नको असेल तर राहू दे, म्हणतील.

पूर्वी यात सावरीचा कापूस भरत, आजीच्या उशीतला. हलका, पाणी न धरणारा. पण तेल-पेट्रोल लागलं किंवा दाबून दाबून चपटा झाला की संपला. आता फोम आला, तर तोही दबतो. आणि आपल्याकडे जॅकेटचा खरा उपयोग म्हणजे बुडाखाली घ्यायला! दिवसभर त्यावर बसायचं, रात्री ओलं तसंच ढिगात फेकायचं. शिवण कुजते, बकलाचा एक दात तुटतो, मग तिथे सुतळीची गाठ येते.

बकल न लावता पाण्यात पडलात तर जॅकेट वर जातं आणि तुम्ही त्यातून खाली निसटता. म्हणून घातल्यावर दुसऱ्याला खांद्याशी धरून वर ओढायला सांगा. कानाला लागलं तर सैल आहे. लहान मुलांना मांडीतून जाणारा पट्टा हवाच, आणि माप वयावर नाही, वजनावर. ‘दोन पोरं म्हणजे एक माणूस’ हा हिशोब वजनापुरता ठीक. जॅकेटं दोनच लागतात.

आता एक गोष्ट जॅकेटवाले सांगत नाहीत. छत असलेली बोट उलटली तर आत अडकलेल्याला हेच जॅकेट वर ढकलून बोटीच्या तळाशी चिकटवून ठेवतं. तेव्हा अशा बोटीत उघड्या बाजूला बसा, आणि बाजूला जाळी किंवा पडदे बांधलेले असतील तर बसूच नका.

पण बोट उलटते का? केरळात थेक्कडीला, पेरियारच्या जलाशयात, ३० सप्टेंबर २००९ रोजी दुमजली बोट उलटून ४५ जण गेले. काठावर जनावरं दिसली आणि लोक एका बाजूला धावले. बसलेल्या माणसाचा भार बाकाच्या जरा वर असतो, उभ्याचा बेंबीपाशी. वरच्या मजल्यावर दहा जण उभे राहून एका कडेला सरकले की बोट मुळात किती हेलकावा सोसते, हा हिशोबच बदलतो. बडोद्याच्या हरणी तलावात जानेवारी २०२४ मध्ये शाळेची १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तिथे बोटीत जादा माणसं होती, आणि जॅकेटं सगळ्यांच्या अंगात नव्हती.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, आता ‘काल आणि आज’.

महाबळेश्वरचा वेण्णा तलाव १८४२ चा, साताऱ्याच्या राजांनी बांधवलेला. तलावातली सहलीची होडी म्हणजे लाकडी, रुंद, बुटकी. माणसं तळाजवळ बसायची आणि नावाडी दरडावायचा, ‘ताई, खाली बसा!’ ते दरडावणं हीच सुरक्षा होती. मग फायबरच्या पायडल बोटी आल्या आणि नावाडी काठावर शिट्टी घेऊन उरला. हौस वाढली, दरडावणारा गेला, त्याच्या जागी हे जॅकेट आलं. माझं म्हणणं एवढंच होतं, वीस मिनिटं आधीच सांगायला हवं होतं.

कायद्याचंही तसंच. १९१७ चा कायदा मुळात वाफेच्या बोटींचा. वल्ह्याच्या होडीकडे त्याचं लक्षच नव्हतं. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात बिनइंजिनाच्या होड्याही आल्या.

हंसाच्या आकाराच्या पायडल बोटीत बसण्याआधी तिच्याकडे लांबून बघा. हंसाची मान कललेली असेल तर तो लाजत नाहीये, त्याच्या पोटात पाणी शिरलंय. मागचं बूच सैल असतं, नाहीतर पायडलच्या दांड्याशी गळती असते. वल्ह्याच्या होडीत सगळे बसल्यावर काठ पाण्यापासून एक वीतही वर नसेल तर उतरा.

वारा राहिलाच. मे महिन्यात दुपारनंतर ढग दाटले की मोठ्या जलाशयात जायचं नाही. उजनीत २१ मे २०२४ च्या संध्याकाळी वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. ती सहलीची नव्हती, नेहमीची वाहतुकीची होती. उलटलीच तर बोट सोडू नका. पाण्यावरून काठ वाटतो त्यापेक्षा दूर असतो.

दुसरी चिठ्ठी. थांबतो. टेबलावर तीन जॅकेटं आहेत, घालून बघा. एकाचं बकल तुटकं आहे, ते तुम्ही शोधायचं.