टर्बोच्या पुढची नळी : छोट्या गाडीला एक्झॉस्ट निवडताना

[दृश्य : चाकण औद्योगिक वसाहत, कंटेनरांची रांग. मग गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवलेली पोलो, कॅमेरा गाडीखाली.]

पुण्याजवळ चाकणला फोक्सवॅगनच्या कारखान्यातून पोलो २०२२ पर्यंत बाहेर पडत होती. त्यातली जीटी टीएसआय आली २०१३ मध्ये. १.२ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, त्याला टर्बो, १०५ पीएस ताकद, १७५ न्यूटन मीटर टॉर्क आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आता नवी मिळत नाही, पण ज्याच्याकडे आहे तो ती जिवापाड जपतो. आणि जपता जपता कधीतरी त्याला वाटतंच, हिचा एक्झॉस्ट, म्हणजे इंजिनातला जळलेला वायू बाहेर नेणारी नळी, बदलावा.

बदलायला हरकत नाही. पण कुठून कुठपर्यंत, किती इंची आणि कशासाठी, हे ठरवल्याशिवाय गॅरेजची पायरी चढू नये. टर्बो गाडीचा एक्झॉस्ट हा साध्या गाडीच्या एक्झॉस्टपेक्षा वेगळा विषय आहे, आणि सगळा घोळ या दोघांना एकच नियम लावल्याने होतो.

टर्बो नसलेल्या इंजिनात जळलेला वायू धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो. नळीची लांबी आणि रुंदी नीट जुळली, की एका सिलिंडरचा धक्का दुसऱ्यातला उरलासुरला वायू ओढून नेतो. तिथे नळी उगाच रुंद केली तर वायूचा वेग पडतो आणि खालच्या आरपीएमला पिकअप जातो. “थोडा बॅकप्रेशर हवाच”, म्हणजे वायूला मागे रेटणारा दाब हवाच, असं जुने मेकॅनिक सांगतात, त्याचं मूळ इथे आहे. खरं तर तिथे हवा असतो वेग. दाब कुठल्याच इंजिनाला नको असतो.

टर्बोत चित्र बदलतं. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये ज्या कल्पनेचं पेटंट घेतलं, तिचं सार एवढंच, की वाया जाणाऱ्या वायूने एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने इंजिनात हवा कोंबायची. वायूवर फिरणारं चाक म्हणजे टर्बाइन. ते फिरतं ते अलीकडचा दाब आणि पलीकडचा दाब यांच्यातल्या फरकावर. पाणचक्कीच्या पुढे पाणी तुंबलं, की वरून कितीही धार पडो, चाक मंदावतंच. म्हणून टर्बाइनच्या पुढची वाट जितकी मोकळी, तितका टर्बो लवकर जागा होतो. पायाखाली जाणवणारा लॅग, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यापासून ताकद येईपर्यंतचा उशीर, कमी होतो.

[दृश्य : गाडीखालून पुढून मागे सरकणारा कॅमेरा. नावं पडद्यावर.]

आता गाडीखाली बघूया. टर्बोला लागून डाऊनपाइप, त्यातच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे आपला कॅटकॉन. पुढे जाळीदार लवचीक तुकडा, मग मधला रेझोनेटर, म्हणजे घुमणारा आवाज मारणारा डबा, आणि शेवटी बंपरखालचा मफलर, म्हणजे आपला सायलेन्सर. शेवटचा मफलर तेवढा बदलला तर त्याला अ‍ॅक्सल-बॅक म्हणतात. कॅटकॉनच्या मागचं सगळं बदललं तर कॅट-बॅक, आणि टर्बोपासूनच सगळं नवं टाकलं तर टर्बो-बॅक.

यातली सर्वांत अडणारी जागा डाऊनपाइपची. वायू तिथे सर्वांत तापलेला, म्हणजे सर्वांत फुगलेला असतो, आणि तिथेच त्याला कॅटकॉनच्या बारीक छिद्रांतून जावं लागतं. बंपरजवळ येईपर्यंत तो बराच निवतो, आकसतो. म्हणजे अ‍ॅक्सल-बॅकने आवाज बदलेल, ताकद जवळपास तीच राहील. हे विकणारा सहसा सांगत नाही. विचारावं लागतं.

नळी किती इंची हवी, यावर वाद घालण्यापेक्षा हिशेब मांडूया.

[दृश्य : वहीच्या पानावर पेन्सिलने आकडेमोड.]

१०५ पीएस काढायला इंजिन मिनिटाला साधारण साडेचार किलो हवा घेतं. त्यात पेट्रोल मिसळलं, म्हणजे सेकंदाला ८० ग्रॅमच्या आसपास वायू बाहेर पडला. हाच वायू ६०० अंश सेल्सिअसला असेल तर त्याचं आकारमान होतं सेकंदाला सुमारे २०० लिटर. दोन इंची नळीतून, पत्र्याची जाडी वजा करून, तो सेकंदाला ११० मीटर वेगाने जाईल. सव्वादोन इंचीतून ८७ मीटर. तीन इंचीतून ४८.

नळीतला विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. दोनवरून सव्वादोन इंचावर गेलात तर तो ४० टक्क्यांच्या आसपास उतरतो. पाव इंचात एवढा फरक! त्यापुढे तीन इंचावर गेलात तर आकड्यांत अजून उतरेल, पण मुळात उरलेलाच विरोध इतका थोडा असतो की १०० ते १२० पीएसच्या गाडीला तो जाणवतही नाही. जाणवतं ते दुसरंच. पोलोचा ग्राउंड क्लिअरन्स साधारण १६५ मिलिमीटर. त्यात जाड नळी खाली लोंबली, की सोसायटीच्या गेटसमोरचा प्रत्येक गतिरोधक तिला घासतो. तीन इंची नळी ३०० पीएसच्या गाडीची गरज आहे. आपल्या १.० किंवा १.२ लिटरच्या टर्बोला सव्वादोन इंच पुष्कळ झाले, पुढे मोठा रेमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातल्या आकड्यांची फेरमांडणी, करायचं पक्कं असेल तर फार तर अडीच.

आणि रेमॅपची गोष्ट निघालीच आहे तर स्पष्ट बोलूया. आजच्या टर्बो गाडीत बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, किती द्यायचा हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो. त्याच्या नकाशात १७५ न्यूटन मीटर लिहिलेले असतील, तर वाट मोकळी झाल्यावर तो वेस्टगेट (टर्बाइनला वळसा घालून वायू सोडणारी झडप) थोडा जास्त उघडतो आणि पुन्हा १७५ वरच आणून ठेवतो. टॉर्क लवकर मिळेल, पण जास्त मिळेलच असं नाही. नुसत्या कॅट-बॅकवर “१५ हॉर्सपॉवर वाढतील” असं कुणी म्हणालं, तर डायनोचा, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या मशीनचा, आधीचा आणि नंतरचा कागद मागा. तोही एकाच मशीनवरचा, एकाच दिवसाचा.

मग कॅटकॉन काढून टाकला तर?

काढू नका. ही विनंती आहे, आणि तिच्यामागे भक्कम कारणं आहेत. कॅटकॉन कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं निकामी करतो. तो काढला, की पुढे जाणारा धूर आपल्याला काचेआड कळत नाही, पण मागच्या दुचाकीवर आईला बिलगून बसलेलं पोर तो श्वासातून घेतं. कॅटकॉनच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. दोन्हींचं माप सारखं यायला लागलं, की ईसीयू ओळखतो आणि चेक इंजिनचा दिवा पेटतो. तो दिवा सॉफ्टवेअरमधून विझवून देणारेही भेटतात. पण पीयूसीच्या नळीला ते सॉफ्टवेअर कळत नाही. बीएस-४ पेट्रोल मोटारीला तिथे कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम एवढीच मुभा आहे. वाट खरंच मोकळी करायची असेल, तर कमी छिद्रांचा, चांगल्या धातूचा हाय-फ्लो कॅटकॉन मिळतो. महाग आहे. पण तो बसवल्यावर पीयूसीच्या मशीनवर एकदा खात्री करून घ्या, छिद्रं कमी म्हणजे शुद्धीकरणही कमी होऊ शकतं.

[दृश्य : पुणे, वेताळ टेकडीचा उतार, दुरून एआरएआयच्या इमारती.]

आवाजाची मर्यादा कुठून येते? वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्था नव्या मॉडेलची चाचणी घेतात. गाडी ताशी ५० किलोमीटरने येते, ठरल्या रेषेवर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला जातो आणि मार्गाच्या मध्यापासून साडेसात मीटरवरचा मायक्रोफोन आवाज टिपतो. अशा मोटारीसाठी २००५ पासूनची मर्यादा आहे ७४ डेसिबल. सायलेन्सरचं माप आरसीवर नसतं, त्यामुळे ते कुणी बघत नाही असं वाटतं. पण मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) आवाज आणि धूर दोन्हींना लागू आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स गेलं.

सुदैवाने टर्बो गाडीत आवाज आटोक्यात ठेवणं सोपं असतं, कारण टर्बाइनची पाती धक्क्यांची धार आधीच बोथट करतात. आतून सरळ, भोकं पाडलेली नळी आणि भोवती काचेच्या तंतूंचं पॅकिंग असा मफलर वायूला अडवत नाही आणि कर्कशपणा गिळतो. रेझोनेटर मात्र ठेवाच. तो काढून टाकणं ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत पस्तावायला लावणारी कारागिरी आहे.

पस्तावा होतो एक्स्प्रेसवेवर. ताशी १०० ला अशी बहुतेक इंजिनं दोन ते तीन हजार आरपीएमवर स्थिर फिरत असतात, आणि नेमकं तिथेच केबिन घुमायला लागतं. याला ड्रोन म्हणतात. कळंबोलीपासून लोणावळ्यापर्यंत मागच्या सीटवरच्या माणसाचं डोकं भणाणून जातं. त्यावर गणिती उपाय आहे. चार सिलिंडरचं इंजिन २,४०० आरपीएमला सेकंदाला ८० धक्के देतं. ३०० अंशाच्या वायूत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ४८० मीटर. या लहरीची चौथाई लांबी येते दीड मीटर. मुख्य नळीला दीड मीटरची, टोक बंद केलेली एक फांदी जोडली, की आत जाऊन परतणारी लहर मूळ लहरीला उलटी भेटते आणि ती ८० हर्ट्झची घुमघुम मारून टाकते. वायूच्या वाटेत कुठेही अडथळा नाही. तीन सिलिंडरच्या १.० लिटर टर्बोत त्याच आरपीएमला धक्के ६०, म्हणजे फांदी दोन मीटरची. एवढी जागा छोट्या गाडीखाली काढायची म्हणजे फॅब्रिकेटरचा, नळ्या वाकवून जोडणाऱ्या कारागिराचा, हात तसाच पाहिजे.

[दृश्य : फॅब्रिकेटरचं दुकान. वाकवलेल्या दोन नळ्या शेजारी, कापलेल्या.]

तो हात कसा ओळखायचा? नळीचं वळण बघा. साध्या मशीनवर वाकवलेली नळी वळणावर चेपते, सुरकुत्या पडतात. तिथे सव्वादोन इंच नावापुरतेच उरतात. मँड्रेल बेंडमध्ये आत दांडा घालून वाकवतात, त्यामुळे गोलाई शेवटपर्यंत टिकते. मग चुंबक लावा. ३०४ जातीच्या स्टेनलेसला तो जेमतेम धरतो किंवा धरतच नाही, ४०९ जातीच्या स्टेनलेसला कडकडून चिकटतो. ४०९ वाईट नाही, पुष्कळ कंपन्या तेच वापरतात, पण ३०४ चे पैसे देऊन ते घेऊ नये. रत्नागिरी, मालवण, पणजीच्या खाऱ्या हवेत गाडी राहणार असेल तर ३०४ च घ्या. वेल्डिंगच्या वेळी नळीच्या आतूनही आर्गॉन वायू सोडतात का, हेही विचारा. नाही सोडला तर सांध्याच्या आत काळी, खडबडीत साय जमते आणि पुढे तिथूनच चीर जाते.

लवचीक तुकडा काढू देऊ नका. इंजिन आडवं बसवलेलं आहे, प्रत्येक पिकअपला ते पुढेमागे डुलतं. तो तुकडा नसेल तर सगळा झटका मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला वायू एकत्र करणारी नळी) आणि टर्बोच्या बोल्टांवर येतो.

काम झाल्यावर थंड इंजिन सुरू करायला सांगा आणि मागच्या तोंडाशी जाड फडकं क्षणभर दाबून धरायला लावा. सांध्यातून फुसफुस आली तर गळती आहे. ती सेन्सरच्या आसपास असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि इंधनाचा हिशेब चुकतो. चार-दोन वेळा गाडी तापून निवली की क्लॅम्प पुन्हा आवळून घ्या. आणि कंपनीचा मूळ एक्झॉस्ट भंगारात देऊ नका. बोल्ट, रबरी हँगर आणि गॅस्केटसकट गुंडाळून माळ्यावर टाका. वॉरंटीचा वाद निघाला, आरटीओत गाडी दाखवायची वेळ आली किंवा विकायला काढली, तर गिऱ्हाईक आणि अधिकारी दोघेही आधी तोच मागतात.