केडगावचा छापखाना

(दृश्य : केडगाव स्टेशन, फलाट, रुळांपलीकडची शेतं)

पुणे-दौंड लोहमार्गावरचं केडगाव. पंडिता रमाबाईंनी इथली सुमारे शंभर एकर जमीन घेतली ती फळबागेसाठी. परदेशातून येणाऱ्या देणगीवर संस्थेनं कायम विसंबून राहू नये, हा हिशेब. झाडं हाताशी यायच्या आत 1896चा दुष्काळ पडला आणि बागेच्या जागी माणसं उतरली.

(दृश्य : जुनी छायाचित्रं, शारदा सदन)

त्याआधी एक अट होती. 1889मध्ये मुंबईत शारदा सदन ही रमाबाईंची विधवांसाठीची शाळा निघाली, ती बोस्टनच्या रमाबाई असोसिएशननं दहा वर्षं पैसे देण्याचं कबूल केल्यावर. शाळा कुठल्याही पंथाची असणार नाही, हे आधीच ठरलेलं. त्यामुळे मुलींच्या जातीच्या चालीरीतींना हात लावायचा नाही, प्रार्थनेची सक्ती करायची नाही. रमाबाई स्वतः 1883मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या होत्या. त्या आपल्या खोलीत प्रार्थनेला बसत आणि दार लावून घेत नसत. जिला वाटेल ती आत येऊन बसे.

वाद पेटला तो या उघड्या दारावरून. तोवर शाळा पुण्यात आली होती. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांना हा आडून चाललेला धर्मप्रसार वाटला. 1893मध्ये ते बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. शाळेची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई मात्र इथंच शिकली आणि त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून हिंदूच राहिली. वाद उगाळताना तिचं नाव सहसा कुणी घेत नाही.

(दृश्य : विहीर, आवार, चर्चची इमारत)

दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली आल्या. अशा वेळी पहिला धोका पोटभर अन्नाचाच असतो. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपेट जेवण दिलं, तर रक्तातले क्षार ढासळतात, हृदय बंद पडू शकतं. पातळ पेज, थोडी थोडी, दिवसातून अनेकदा, असंच सुरू करावं लागतं. शिवाय पाणी. माणसं वाढली की विहिरी पुरत नाहीत, म्हणून नव्या खणल्या गेल्या.

1898मध्ये बोस्टनची दहा वर्षं भरली. अट संपली. केडगावची ही संस्था, ‘मुक्ती’, आता उघडपणे ख्रिस्ती संस्था झाली. 1900च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि आकडा दोन हजारांच्या घरात गेला. एवढ्या जणींना नुसतं बसवून जेवू घालणं कुठल्याच देणगीत बसत नाही. तेलघाणा, विणकाम, गोठा, अंध स्त्रियांसाठी बार्तिमी सदन... आणि छापखाना.

(दृश्य : खिळ्यांच्या केस, जुळारीचे हात. हे चित्रण मुक्तीतलं नाही, त्याच पद्धतीच्या एका जुन्या छापखान्यातलं आहे.)

खिळा म्हणजे एकेका अक्षराचा धातूचा ठसा, केस म्हणजे ते ठेवायची खणांची पेटी. देवनागरीच्या केसमध्ये इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त खण. जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, वेलांट्या, मात्रा, सगळ्यांचे वेगळे. जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारी, डाव्या हातात ओळ रचायची स्टिक धरते आणि उजव्यानं खिळे उचलते. अक्षरं उलटी, ओळ मात्र डावीकडून उजवीकडे. प्रत्येक खिळ्याच्या अंगावर एक खाच असते. खाच वर आली की खिळा बरोबर बसला, हे बोटाला कळतं. डोळे मजकुरावर राहतात.

ओळी गॅलीवर, म्हणजे लांबट तबकावर, उतरवायच्या, दोरीनं करकचून बांधायच्या, प्रूफ काढायचं, चुका चिमट्यानं बदलायच्या. मग पानं चेसमध्ये, म्हणजे लोखंडी चौकटीत, आवळली की एकदम छापायचा फर्मा तयार. आवळणं कमी पडलं तर फर्मा उचलताना मधली ओळच्या ओळ खाली सांडते. जास्त झालं तर पानं मधोमध फुगतात. खिळ्याच्या अंगाबाहेर डोकावणारी वेलांटी दाबाखाली हमखास तुटते. आणि छापून झाल्यावर खिळे चुकीच्या खणात परतले, तर चूक पुढच्या पानात उगवते.

बायबलसारख्या ग्रंथात खरी अडचण खिळ्यांच्या साठ्याची. सगळी पानं जुळवून उभी ठेवावीत एवढे खिळे कुणाकडेच नसतात. एका फर्म्यात आठ पानं धरली, तर ती छापायची, खिळे सोडवायचे, तेच पुढच्या आठ पानांना वापरायचे. म्हणजे खिळे सुटले की त्या पानांवरची दुरुस्ती संपली. उरतं ते शुद्धिपत्र. प्रूफ वाचणाऱ्यावर एवढा भार यासाठीच असतो.

इथं ते वाचत होत्या रमाबाई. बायबलचं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून स्वतः केलेलं मराठी भाषांतर, जुळणी आश्रमातल्या बायकांची. पेजेसाठी आलेली मुलगी अक्षर शिकली, अक्षरातून हाताला काम मिळालं आणि त्या कामातून शुभवर्तमान छापून बाहेर पडलं. सेवा कुठं संपते आणि प्रचार कुठं सुरू होतो, हे या टेबलापाशी वेगळं काढता येत नाही. रमाबाईंनी ते वेगळं असल्याचा आव 1898नंतर आणलाही नाही.

(दृश्य : बायबलची पानं, जवळून)

कन्या मनोरमाबाई 1921च्या जुलैत गेल्या, रमाबाई 5 एप्रिल 1922ला. शेवटची प्रुफं तोवर तपासून झाली होती. संपूर्ण बायबल 1924मध्ये निघालं.

आश्रयाला आलेल्या मुलींपैकी मोठ्या संख्येनं बाप्तिस्मा घेतला. दुष्काळात आईबाप गमावलेल्या पोरीची निवड कितपत मोकळी, हा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे. केडगावात संस्था चालू आहे. शाळा, निवास, दवाखाना.