ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो?

श्रोतेहो, नमस्कार.

मी कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरातला लेथवाला. चार लेथ, एक मिलिंग मशीन, सहा माणसं. सीए कसा शोधावा यावर बोलायला लेथवाला कशाला, असं वाटलं असेल तर बरोबरच आहे. पण या बाबतीत मी एकदा चांगलाच पोळलोय.

२०१९ ची दिवाळी नुकतीच झाली होती. शिरोली एमआयडीसीतल्या एका गिऱ्हाइकाच्या अकाउंटंटचा फोन आला. "आण्णा, तुमची बिलं आमच्याकडं जीएसटीत दिसत नाहीत. टॅक्सची रक्कम थांबवलीय." मी म्हटलं, असं कसं? दर महिन्याला बिलांची फाईल देतोय, भरायचे पैसे देतोय! चौकशी केली तर चार महिन्यांची विवरणपत्रं भरलेलीच नव्हती. खात्याकडून मेसेज येत होते, पण जात होते ज्यांच्याकडं काम दिलं होतं त्यांच्याच मोबाईलवर. नोंदणी करताना नंबर त्यांचा, ईमेल त्यांचा, पासवर्डही त्यांच्याच डायरीत. वर्कशॉप माझं, पॅन माझं आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. एकेका विवरणपत्राला दिवसाला ५० रुपये उशिराचा दंड, शिवाय थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. मुकाट्यानं भरलं.

आणि दुसरी गोष्ट तेव्हाच कळली. ते गृहस्थ सीए नव्हतेच. पाटीवर 'टॅक्स कन्सल्टंट' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. आम्हीच त्यांना 'सीए साहेब' म्हणायचो आणि ते ओ द्यायचे.

आता कन्सल्टंट म्हणजे वाईट, असं मी म्हणत नाही. मनापासून काम करणारे कितीतरी आहेत, आणि साधी विवरणपत्रं भरायला सीएच पाहिजे असा नियमही नाही. पण धंद्याची उलाढाल १ कोटीच्या वर गेली की टॅक्स ऑडिट, म्हणजे करासाठी हिशेबाची तपासणी, लागतं. रोखीचं येणं आणि देणं दोन्ही ५ टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा १० कोटी. आणि त्या ऑडिटवर सही सीएचीच चालते. तीही प्रॅक्टिसचा दाखला असलेल्या सीएची. परीक्षा पास होऊन कारखान्यात पूर्ण वेळ नोकरी करणारा तुमचा भाचा असेल, तर त्याची सही इथं उपयोगाची नाही.

सीए म्हणजे सनदी लेखापाल. १९४९ च्या कायद्यानं त्यांची संस्था झाली, तिची शाखा आपल्या कोल्हापुरातही आहे. प्रत्येकाला सभासद क्रमांक असतो, आणि संस्थेच्या वेबसाईटवर तो तपासता येतो. त्यांनी दिलेल्या दाखल्यावर किंवा ऑडिटवर अठरा अक्षरांचा एक क्रमांक असतो, त्याला यूडीआयएन म्हणतात. पहिले दोन आकडे सालाचे, पुढचे सहा सभासद क्रमांकाचे. बँकेत कर्जासाठी दाखला नेण्याआधी तो क्रमांक वेबसाईटवर टाकून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

मग चांगला सीए सापडायचा कसा? सीएला आपली जाहिरात करायला मोकळीक नसते. त्यामुळं चौकातल्या फलकावर 'रिफंड मिळवून देतो' असं कुणी लिहिलं असेल तर तिथून सायकल पुढं काढा. जो रिफंडाच्या टक्क्यावर फी मागतो, त्याच्याकडं तर चहासुद्धा पिऊ नका. खोट्या वजावटी दाखवून आणलेला रिफंड तो टक्का घेऊन मोकळा होतो, नोटीस मात्र तुमच्या नावावर येते.

विचारायचं ते आपल्याच धंद्यातल्या माणसाला. गुजरीतल्या सराफाचा सीए हुशार असेल, मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत्याचाही असेल, पण माझ्या जॉबवर्कची, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मालावर काम करून देण्याची, मेख त्याला ठाऊक असेलच असं नाही. मी हल्ली ज्यांच्याकडं जातो, त्यांनी पहिल्या भेटीत फीबद्दल अवाक्षर काढलं नाही. विचारलं, "कास्टिंग, म्हणजे ओतीव माल, तुमचं की गिऱ्हाइकाचं?" म्हटलं, गिऱ्हाइकाचं. "मालासोबत चलनाचा कागद येतो का? माल वर्षाच्या आत परत जातो का?" मी गप्प. मग म्हणाले, "लेथखाली पडणारा भुगा कोण विकतं?" आता काय सांगणार? तो भुगा आमची पोरं भंगारवाल्याला रोखीनं द्यायची आणि चहाचा खर्च भागायचा. त्यावरही कर असतो, आणि भुगा कुणाचा हे गिऱ्हाइकाशी आधीच लिहून ठरवायचं असतं, हे पंधरा वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

फी नंतर ठरली, तीही कागदावर. त्यात महिन्याचं जीएसटी धरलंय का, टीडीएस, म्हणजे पैसे देताना कापायचा कर, धरलाय का, नोटीस आली तर उत्तराचे पैसे वेगळे का, सगळं लिहून घेतलं. नाहीतर मार्च आला की कुरबुर ठरलेली.

पेन्शनर मंडळींना मात्र एक सांगतो. फक्त पेन्शन आणि ठेवींचं व्याज असेल, तर खात्याच्या पोर्टलवर विवरणपत्र फुकट भरता येतं. नातवाला शेजारी बसवा, व्याजाचे आकडे पासबुकाशी ताडून बघा. घर किंवा जमीन विकली असेल, शेअर विकले असतील, तर मग सीए गाठा.

तर आमच्या नव्या सीएंनी पहिलं काम कुठलं केलं असेल? जीएसटी आणि इन्कम टॅक्स, दोन्हीकडचा मोबाईल नंबर आणि ईमेल बदलायला लावला. मी लेथवर होतो, हाताला ऑईल. खिशातला फोन वाजला. त्यांच्या ऑफिसातली मुलगी म्हणाली, "काका, ओटीपी आलाय बघा, सांगता का?"

मी चिंधीला हात पुसले आणि आधी विचारलं, "कशाचा हाय, ते सांग."