गड्ड्याच्या आधी, म्हणजे नक्की कधी?

(दृश्य : सिद्धेश्वर तलाव, सकाळ. मग सोलापुरातल्या एका रुग्णालयाची ओपीडी.)

"गाठ कधी लागली हाताला?"

"गड्ड्याच्या आधी."

सोलापुरात हे उत्तर कुणालाही कळतं. गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, संक्रांतीची, म्हणजे जानेवारीचा मध्य. पण स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास अनेक रुग्णालयांत, म्हणजे केंद्रांत, चालतो तेव्हा कॉम्प्युटरला दिवस, महिना, वर्ष लागतं. मग एका केंद्रात १ जानेवारी पडते, दुसऱ्यात १५ डिसेंबर, तिसऱ्यात रकाना कोराच. नोंद करणाऱ्या तिघींचं काही चुकलेलं नाही. काय लिहायचं हेच कुणी ठरवून दिलं नव्हतं.

(दृश्य : टेबलावर केसपेपर, शेजारी भिंतीवरची दिनदर्शिका.)

स्तनाच्या कर्करोगावरच्या निरीक्षणात्मक अभ्यासात उपचार संशोधक ठरवत नाहीत. जे घडतं ते टिपायचं, एवढंच. म्हणून सगळा भार व्याख्यांवर. जागतिक आरोग्य संघटनेचं उद्दिष्ट आहे, पहिल्यांदा दाखवल्यापासून ६० दिवसांत निदान. आता 'पहिल्यांदा' म्हणजे अक्कलकोटच्या गावातला डॉक्टर, की शहरातला सर्जन? एका केंद्राने हे धरलं, दुसऱ्याने ते, तर एकाच बाईची थांबण्याची मुदत एकीकडे ९० दिवस आणि दुसरीकडे १२.

उपाय साधा आहे. तारखेशेजारी आणखी एक रकाना ठेवायचा : दिवस पक्का, महिना पक्का, की सणावरून अंदाज. आणि प्रत्येक केंद्राला गड्डा, आषाढी, रमजान ईद, दिवाळी यांच्या गेल्या तीन वर्षांच्या तारखांचा एक कागद.

(दृश्य : बार्शीकडे जाणारी एसटी.)

दुसरा घोळ माणसं मोजण्याचा. बायोप्सी सोलापुरात, ऑपरेशन बार्शीत, रेडिएशन मुंबईत. एका कागदावर माहेरचं आडनाव, दुसऱ्यावर सासरचं, तेलुगू घरात तर आडनाव आधी. एका बाईच्या तीन बायका होतात. बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून चालू आहे. गावोगाव जाऊन नोंदी जुळवण्याचं काम तिथं जवळून बघण्यासारखं. नाव, अंदाजे वय, गाव आणि फोन हे चारही ताडून पाहिल्याशिवाय नवा क्रमांक द्यायचा नाही.

(दृश्य : प्रयोगशाळा. झाकण लावलेली बरणी, आत गाठ.)

ही बरणी नीट बघा. काढलेली गाठ तासाभराच्या आत फॉर्मालिनमध्ये, म्हणजे ती खराब होऊ न देणाऱ्या द्रवात, जायला हवी, आणि तिथं ६ ते ७२ तास राहायला हवी. ७२ तासांची मुदत सहसा पाळली जाते. घोटाळा वेगळाच होतो : शनिवारी संध्याकाळी गाठ अख्खीच्या अख्खी बरणीत टाकतात, ती सोमवारपर्यंत तशीच. फॉर्मालिन आतवर पोचायला वेळ लागतो, तोवर मधला भाग खराब होतो. मग ईआर, पीआर या हार्मोनच्या तपासण्या खोट्याच निगेटिव्ह येऊ शकतात आणि त्या बाईच्या हार्मोनच्या गोळ्या हुकतात. अभ्यासात मात्र दिसतं, 'या भागात हार्मोन-निगेटिव्ह कर्करोग जास्त.' भागाचा काही दोष नाही, दोष शनिवारचा. गाठीचे सुमारे ५ मिलिमीटरचे काप पाडूनच ठेवायचे, आणि काढल्याची व फॉर्मालिनमध्ये टाकल्याची वेळ बरणीवरच लिहायची. हर-टू या प्रथिनाचा निकाल 'दोन प्लस' आला तर तो पॉझिटिव्हही नाही, निगेटिव्हही नाही. फिश ही जनुकाची तपासणी होईपर्यंत 'अनिर्णित'.

अभ्यासात बायका किती घ्यायच्या? ६ केंद्रांतून १००-१०० जणी, म्हणजे ६००. वजनाला मात्र तेवढ्या भरत नाहीत, कारण एका केंद्रातल्या रुग्णांचे उपचार एकमेकींसारखे असतात. हे साम्य शून्य ते एकच्या मापावर ०.०२ इतकं किरकोळ धरलं तरी ६०० ची किंमत साधारण २०० वर येते. त्याच ६०० जणी २० केंद्रांतून ३०-३० घेतल्या तर ती ३८० पर्यंत जाते. एथिक्स कमिटीच्या परवानग्या तेवढ्या वाढतात, हे आधीच धरून चालायचं.

(दृश्य : दारात सूप घेऊन बिड्या वळणारी बाई. आत फोन वाजतोय.)

राहिला पाठपुरावा. पहिल्याच दिवशी दोन नंबर घ्यायचे, एक घरचा आणि एक शेजारचा. वेगवेगळ्या वेळी तीनदा फोन, मग आशाताईंमार्फत घरी चौकशी. तरीही पत्ता लागला नाही तर 'मृत' लिहायचं नाही, 'बरी' तर नाहीच. शेवटची भेट झाली ती तारीख लिहायची.