उदास हिवाळ्यातले वाचन

श्रोतेहो, नमस्कार.

विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे, तसतसा हिवाळ्यातला दिवस आखडत जातो. उत्तर गोलार्धात २१ किंवा २२ डिसेंबरला तो वर्षातला सर्वांत लहान असतो, आणि त्यात आभाळ भरलेले असेल तर भर दुपारीही तिन्हीसांज झाल्यासारखे वाटते. अशा दिवसांत अनेकांना सकाळी अंथरुणातून उठवत नाही, कशातच मन रमत नाही. पुष्कळ जण त्याला आपला आळस समजून स्वतःलाच बोल लावतात. हा मोठाच अन्याय आहे. मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ठरावीक ऋतूत येणाऱ्या या नैराश्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्याचा संबंध अपुऱ्या उजेडाशी आहे असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. त्यावर सकाळी अर्धा तास १०,००० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) इतक्या प्रखर प्रकाशासमोर बसण्याचा उपचार डॉक्टर सुचवतात. आपल्या खोलीतल्या दिव्याचा उजेड काहीशे लक्सच्या पुढे सहसा जात नाही.

पुस्तक ही उजेडाची उणीव भरून काढू शकत नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. पण लांबलेल्या संध्याकाळी मन स्वतःलाच कुरतडू लागते, तेव्हा पुस्तकासारखा दुसरा आधार मला माहीत नाही. उदास मनाला तेच तेच विचार उगाळण्याची खोड असते, आणि वाचनाने नेमकी त्या खोडीलाच अडकाठी होते. वाचताना आपले डोळे ओळीवरून सलग सरकत नाहीत. ते लहान लहान उड्या घेतात, प्रत्येक उडीनंतर साधारण पाव सेकंद थांबतात, आणि त्या थांब्यातच अक्षरे आपल्याला दिसतात. मन भरकटले तरी डोळ्यांच्या उड्या चालूच राहतात, आणि पान संपल्यावर लक्षात येते की त्यातले काहीच आत उतरले नाही. मग आपण पुन्हा वरच्या ओळीपासून सुरुवात करतो. या माघारी येण्याची लाज वाटून घेऊ नये. भरकटलेले मन इथे कोणी न रागावता परत आणले जाते, आणि वाचनाचा दिलासा बऱ्याच अंशी त्यातच आहे.

कोणते पुस्तक घ्यावे? अमेरिकन धर्मोपदेशक आणि निबंधकार सॅम्युअल क्रॉथर्स यांनी १९१६ मध्ये लिहिलेल्या एका लेखात, जिथे रोग्यांना औषधांप्रमाणे पुस्तके लिहून दिली जातात अशी एक काल्पनिक संस्था रंगवली आहे. कल्पना मोहक आहे. तरीही दुःखावर विनोदी पुस्तक आणि भीतीवर शौर्यकथा असा सरळ हिशेब मला पटत नाही. खिन्न माणसाच्या हाती बळेच हसरे पुस्तक दिले, तर आपल्याला हसूही येत नाही या जाणिवेने तो अधिकच खचतो. त्याऐवजी पूर्वी वाचलेले, आवडलेले पुस्तक पुन्हा उघडावे. त्याचा शेवट ठाऊक असतो, त्यामुळे धास्ती नसते. मधले कुठलेही पान काढता येते. आणि थकलेल्या बुद्धीला नवी पात्रे, नवी नाती लक्षात ठेवावी लागत नाहीत. मन थोडे सावरले की मात्र एखादी जाडजूड कादंबरी हाती घ्यावी, म्हणजे उद्याच्या संध्याकाळसाठीही काहीतरी राखून ठेवल्यासारखे होते. जमेल त्या दिवशी सकाळीच खिडकीशी बसून वाचावे, म्हणजे पुस्तकाबरोबर उजेडही मिळतो.

पण नेहमीच्या आवडीच्या पुस्तकातही मन लागेनासे झाले, झोप आणि भूक बिघडली, आणि असे दोन आठवडे चालले, तर डॉक्टरांकडे जाण्यात चालढकल करू नये. अशा वेळी घरातल्या माणसांनी वाचून दाखवावे. ऐकणाऱ्याला डोळे मिटून पडून राहता येते, उत्तर द्यावे लागत नाही, आणि खोलीत एका आपल्या माणसाचा आवाज असतो. वाचणाऱ्याने घाई करू नये, आणि वाचून झाल्यावर ‘कसे वाटले’ असेही विचारू नये. ऐकता ऐकता झोप लागली असेल, तर दुसऱ्या दिवशी थोडे मागून सुरू करावे.